अळणी काच

२ डिसेंबर, सोमवार

लागले एकदाची कामाला! चार वर्षं मॉलमध्ये उभी राहून लोकांच्या मनगटावर अत्तराचे फवारे मारले, आता इमारतीच्या अंगावर पाण्याचे मारायचे. आई म्हणाली, बढती झाली म्हण.

नोकरी लावली तिनेच. बाणेरच्या ज्या पाच मजली काचेच्या इमारतीत आई चौथ्या मजल्यावरच्या पँट्रीत चहा-कॉफी करते, तिथल्या काचा धुवायचं कंत्राट रणजित सरांच्या एजन्सीकडे आहे. त्यांना माणूस हवा होता. आईने विचारलं, बाई चालेल का? ते म्हणाले, दांडा उचलता आला म्हणजे झालं. आला मला उचलता! कार्बन फायबरचा आहे, एकात एक बसणाऱ्या नळ्या, क्लिप सोडायची आणि हवा तेवढा लांब करायचा. आतून पाण्याची नळी जाते, टोकाला ब्रश, ब्रशातूनच पाणी उडतं. दोरीला लोंबकळणं नाही, शिडी नाही. पाय जमिनीवर ठेवून पाचवा मजला धुवायचा. आईला तेवढ्यासाठीच बरं वाटलं, कारण बाबा परांचीवरून पडून गेले.

जोडीला दत्तोबा काका आहेत. पंचावन्नच्या पुढचे, धायरी गावठाणातले. आम्हीही धायरीतच राहतो, त्यामुळे सकाळी बस एकच. पूर्ण प्रवासात काका एक शब्द बोलले नाहीत. आईशी मात्र बोलले. मी आपलं नोंदवून ठेवते.

३ डिसेंबर, मंगळवार

आज पाणी शिकले. नळाचं पाणी आरओमधून, मग रेझिनच्या नळकांड्यातून, आणि शेवटी जे येतं त्यात काही म्हणजे काही नसतं. पेनाएवढा मीटर असतो, तो बुडवला की पाण्यातले क्षार आकड्यात दिसतात. आपल्याला शून्य हवं. क्षार नसले की डाग पडत नाही, म्हणून काच पुसायचीच नाही, ओली सोडून द्यायची. ती वाळते तीच लख्ख.

मी गुपचूप चाखलं. शी! पाणीसुद्धा अळणी असतं हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. रणजित सर म्हणाले, असं पाणी भुकेलं असतं, समोर येईल ते ओढून घेतं, मळ निघतो तो त्यामुळेच. सर बोलतात छान. पगारही वेळेवर देतात की नाही ते बघू.

६ डिसेंबर, शुक्रवार

हात बसला. आधी चौकट घासायची, कारण घाण तिथे दडलेली असते, मग काच वरून खाली, मग ब्रश जरासा उचलून नुसतं पाणी सोडायचं. सगळं ऊन यायच्या आत. उन्हात काच तापली की पाणी लगेच उडतं आणि मळ तिथेच चिकटतो. मान मात्र दुखून आली आहे.

एक गोष्ट खटकली. चौथ्या मजल्यावर डावीकडून शेवटची काच पांढरट आहे. जुन्या बादलीला आतून जसा थर धरतो तसा. बाकीच्या सगळ्या आरशासारख्या आणि ही एकटी मळकी. मी दांडा तिकडे नेला तर काकांनी मधेच धरला. ती काच माझी हाय, म्हणाले. इतकंच. घ्या! काचाही वाटून घेतल्यात.

९ डिसेंबर, सोमवार

कुठेतरी पाणी मुरतंय. अगदी शब्दशः.

काकांनी आज आमची नळी सोडली, बागेच्या नळाखाली बादली भरली, पंपाची नळी तिच्यात टाकली आणि त्या काचेला चक्क बोअरचं पाणी मारलं. बोअरचं! ज्या पाण्याने इथले नळ वर्षभरात पांढरे पडतात ते. मी मीटर बुडवला तर आकडा हजाराच्या वर. त्याआधी त्यांनी बादलीत एक पुडी रिकामी करून ढवळली. मीठ. आणि पुडी कोणी आणून दिली? आमच्या मातोश्रींनी. खाली येऊन, पदराआडून.

बसमध्ये आईला विचारलं. म्हणाली, दर सोमवारी मागतात, टाचा भिजवायला, भेगा पडल्यात त्यांना. मग गालातल्या गालात हसली. आईला मी असं हसताना बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी संशयी आहे असं आई म्हणते. मी चौकस आहे. दोनच शक्यता दिसतात. एक, काका शून्याचं पाणी वाचवून बॅटरीवाल्यांना विकतात आणि एक काच मुद्दाम घाण ठेवून मीटरच बिघडलाय असं दाखवणार आहेत. दोन, काका आणि आई. दुसरी शक्यता मी लिहिली खरी, पण ती मला अजिबात आवडलेली नाही.

११ डिसेंबर, बुधवार

चौथ्या मजल्यावर जाऊन आले. म्हटलं, त्या काचेमागे काय दडवलंय ते तरी पाहू.

काही नाही. म्हणजे खोलीच नाही. तिथे पँट्रीची भिंत आहे, आईच्या ओट्यामागची. बाहेरून सगळीकडे काच दिसावी म्हणून बिल्डरने त्या भिंतीवर बाहेरच्या बाजूने नुसती काच ठोकून दिली आहे. दिखाऊ. आई दुपारी त्याच भिंतीला पाठ टेकून डबा खाते. मी हात लावून पाहिला. गार होती, डिसेंबर आहे.

आईला सांगितलं, काका त्या काचेवर मिठाचे काहीतरी मंत्रतंत्र करताहेत. आई भडकली. आपल्या घरात बुद्धवंदना होते, लिंबू-मिरच्या नाहीत, आणि लोकांच्या टाचांवरून असलं काही रचू नको, म्हणाली. किती बाजू घ्यावी माणसाची!

१३ डिसेंबर, शुक्रवार

रणजित सरांना सांगितलं. सगळं. बोअरचं पाणी, मीठ, मुद्दाम घाण ठेवलेली काच. मी मोबाईलवर फोटो काढले होते. सर म्हणाले, इमारतीच्या मॅनेजरचीही त्या काचेबद्दल तक्रार आहेच.

संध्याकाळी सरांनी काकांना सांगितलं, उद्यापासून घरी बसा. जाताना ते माझ्याजवळ आले. मला वाटलं आता शिव्या देणार. त्यांनी फक्त विचारलं, सोमवारी कोण पानी घालनार? मी म्हटलं, मी घालीन, शून्याचं. त्यांनी चौथ्या मजल्याकडे पाहिलं आणि निघून गेले. नाटकी माणूस.

आईला कोणी तक्रार केली ते माहीत नाही. माहीत होऊही नये.

१६ डिसेंबर, सोमवार

काच लख्ख निघाली! थर इतका जाड होता की आधी क्षार सोडवायचं औषध लावावं लागलं. मग शून्याचं पाणी, पुन्हा पुन्हा. शेवटी अशी झाली की बाकीच्या काचा तिच्यापुढे मळक्या वाटाव्यात. सरांनी फोटो काढून एजन्सीच्या स्टेटसला ठेवला.

एकच विचित्र वाटलं. इतकं पाणी मारलं, पण खालची फरशी कोरडी. तिसऱ्या मजल्याची काचही कोरडी. पाणी वर जात होतं, आणि खाली येत नव्हतं. चौकटीत कुठेतरी फट असणार. बिल्डरांची कामं माहीत आहेत.

१८ डिसेंबर, बुधवार

आईने रात्री आमटीत दोनदा मीठ घातलं. मला तोंडात धरवेना. तिला अळणी लागत होती. पुन्हा घातलं. मी म्हटलं, जिभेचं काय झालंय तुझ्या? म्हणाली, गेले दोन दिवस सगळं पाण्यासारखं लागतंय.

काका गेल्यापासून तिचा चेहरा उतरला आहे. मी हे त्याच खात्यात टाकलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

त्या काचेवर ब्रश टेकवला की सोडवत नाही. मी ओढते, ती धरून ठेवते. लहानपणी आत्याकडे वासराला बोट चोखायला द्यायचो, तशी ओढ दांड्यातून तळहातापर्यंत येते. नळीत दाब कमी-जास्त होत असेल म्हणून पंप तपासला. पंप ठीक आहे.

आज पाणी बंद केलं तरी ओढ होती.

सरांशी बोलावं म्हटलं, पण मीच फुशारकीने काच साफ केली आणि आता मीच कुरकुर करू? हे काकांचंच काम असणार. काहीतरी लावून ठेवलंय जाताना. चिकट.

२३ डिसेंबर, सोमवार

आई पँट्रीत पडली. मी खाली तीच काच धुवत होते. वॉचमन ओरडत आला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातलं सोडियम एकदम खाली गेलंय. एकशे पस्तीसच्या वर हवं, एकशे सतरा आहे. म्हातारपणी होतं असं, पण यांचं वय तसं नाही, आणि मीठ तर भरपूर खातात म्हणता. पाणी फार पितात का? घरात कसलं पाणी येतं? मी नोकरीतलं पाणी घरी आणते का, असंही विचारलं. म्हणजे मीच संशयित! नाही हो, एक थेंब आणला नाही.

आई मला मधेच ‘अहो ताई’ म्हणाली. परक्या बाईला म्हणावं तसं. मला रडू कोसळलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आई बरी आहे. इमारतीपासून दूर, नुसत्या सलाईनवर, चार दिवसांत टवटवीत. नर्सला चहात आलं कधी घालायचं ते शिकवत होती. ‘इमारतीपासून दूर’ हे मी का लिहिलं कोण जाणे. पण लिहिलंय तर राहू दे.

३० डिसेंबर, सोमवार

मी नको म्हणत असताना आई कामावर गेली. बिनपगारी रजा परवडत नाही म्हणाली, आणि हात हलते असले की बरं वाटतं तिला.

मी आज ती काच मुद्दाम सोडून दिली. बाकीच्या धुतल्या. तरी दुपारी फोन आला. डबा खायला भिंतीला टेकली, आणि तिथेच —

पुन्हा हॉस्पिटल. एकशे तेरा.

पँट्रीत जाऊन मी भिंतीला हात लावला. गार नव्हती. अंगाएवढी कोमट होती.

३१ डिसेंबर, मंगळवार

काकांच्या घरी गेले. मानापमान गेला खड्ड्यात. त्यांनी दारातच उभं ठेवलं. सून आत बोलवत होती, ते नको म्हणाले.

जे म्हणाले ते तसंच लिहिते. आईच्या आधी त्या पँट्रीत तुळजाबाई म्हणून होत्या. काकांनी ती काच नवी असताना सहा महिने शून्याच्या पाण्याने धुतली होती. तुळजाबाईंना दोनदा हेच झालं, दोनदा बऱ्या झाल्या. मग एकदा मशीन बंद पडलं आणि काकांनी आळसाने बोअरचं पाणी मारलं, तर त्या आठवड्यात बाईंना काही झालं नाही. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर उशीर झाला होता. तिसऱ्या वेळी तुळजाबाई गावी होत्या, लातूरकडे, आणि तिथेच गेल्या. काका म्हणाले, एकदा चव लागली की त्या काचेला लांबचं जवळचं काय न्हाय. मग आई आली पँट्रीत. तेव्हापासून त्यांनी एक सोमवार चुकवला नाही.

मी विचारलं, तिथे आहे काय? म्हणाले, मला काय ठाव. भुकेली हाय एवढं कळतं.

मला का नाही सांगितलं, म्हणून मी भांडले. त्यांनी विचारलं, सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? फोटो काढून सरांना दाखवलं असतं, अजून काय!

या म्हटलं कामावर, मी सरांच्या पाया पडते. नाही म्हणाले. भ्यायलेत. मला त्यांचा राग आला आणि कीवही.

२ जानेवारी, गुरुवार

मंडईच्या मागून खडे मिठाचं पोतं आणलं. बोअरच्या पाण्यात विरघळेल तेवढं घातलं. मीटरने आकडा दाखवणंच सोडून दिलं. ते पाणी काचेला मारलं.

डाग पडला नाही.

तेच पाणी शेजारच्या काचेवर उडालं, तिथे वाळून पांढरं झालं. या काचेवर काही नाही. लख्ख. पुन्हा मारलं. पुन्हा. पोतं संपलं. मॅनेजर खिडकीतून बघून अंगठा दाखवून गेला.

आईला सलाईन चालू आहे आणि आकडा खालीच येतोय. एकशे अकरा. डॉक्टरीणबाई म्हणतात, जातंय कुठे ते कळत नाही. मला कळतंय. सांगितलं मी. त्यांनी माझ्याच डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली.

४ जानेवारी, शनिवार

हातमोजे फाटले म्हणून उघड्या हातांनी दांडा धरला. नळी सोडलेली, पाणी नाहीच. हात घामाने ओले. ब्रश काचेला चिकटला आणि ओढ सुरू झाली. या वेळी दांड्यात थांबली नाही. कोपरापर्यंत आली, मग खांद्यात. घाम पुसावा तसा आतून कोणीतरी —

सोडलं तेव्हा पोटऱ्यांत गोळे. वडापाव घेतला. कागद चावावा तसा लागला.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले. आईचा आकडा चढला होता. एकशे सोळा. दुपारपासून चढला म्हणाले. दुपारपासून!

म्हणजे काचेला आता पोत्यातलं मीठ नको आहे. माणसाचं हवं. आईच्या बदल्यात माझं चालतं.

६ जानेवारी, सोमवार

धरला. बराच वेळ. आई एकशे तेवीस.

मला दोनदा उलटी झाली. सर म्हणाले सुटी घे. नको हो. सुटी नको.

८ जानेवारी, बुधवार

एकशे एकोणतीस. आई उठून बसली. मला विचारलं, चैताली, तू का वाळलीस अशी? मी म्हटलं, डाएट. हसली. तेच हसू.

तिला सांगून टाकलं, तक्रार मी केली होती काकांची. रागावली नाही. म्हणाली, टाचा कधीच भेगाळलेल्या नव्हत्या गं त्यांच्या, मला ठाऊक होतं. माणूस काही मागतो तर द्यावं, त्याचं कारण त्याच्याजवळ.

मग सांगितलं, आई, त्या पँट्रीत पुन्हा जाऊ नको. शपथ घे म्हटलं. म्हणाली, आधी तू तुझं बघ. नीट ऐकलंच नाही तिने. मलाच नीट बोलता आलं नाही. शब्द मधेच —

१० जानेवारी

आज वार आठवत नाही. मोबाईलवर होता, पाहिला, विसरले.

रडले बसमध्ये. पाणी ओठावर आलं, चव नाही. काहीच चव नाही.

धरला. पाय थरथरतात. एकशे बत्तीस, का तेवीस. चांगला होता आकडा. नर्स चांगलं म्हणाली.

१२

काचेत बघितलं खालून. इतकी स्वच्छ की आहे असं वाटत नाही. भोक आहे तिथे इमारतीला.

आईला उद्या सोडणार. सोडलं की नेते गावी — लांब — नाही, लांब चालत नाही ना. कोण म्हणालं ते. काका. कोणते काका —

उद्या धरायचा. रोज धरायचा. मी धरते आहे तोवर ती —

१३

कंपाउंडमध्ये बसले आहे. उठवत नाही. दांडा हातात, हात उघडत नाही. दुसऱ्या हाताने लिहिते.

फोन आला. आई. सोडलं तिला. एकदम ठणठणीत, म्हणाली. रिक्षात आहे. घरी नंतर, आधी पँट्रीत तोंड दाखवते, रजा फार झाली. मी नाही म्हटलं. नाही म्हणायचं होतं. तोंडातून नुसती हवा —

आता माझ्यात काही उरलं नाही. काच ओढते, येत नाही काही. ती आता आईला —

वॉचमनला दाखवायला लिहिते. मोठ्या अक्षरात. त्यांना वर सोडू नका. चौथ्या मजल्यावर सोडू नका. त्या आल्या की —

रिक्षा थांबली गेटशी.

वर सोडू नका त्यांना. कोणाला. नाव लिहायला पाहिजे. पँट्रीतल्या — चहा करतात त्या —

एक बाई उतरल्या. हिरवी साडी. छान दिसतात. कुठेतरी पाहिलंय यांना. माझ्याकडे बघून हसल्या, हात केला, आत निघाल्या.

मीपण हात केला.

काहीतरी लिहीत होते मी. वॉचमनला दाखवायचं होतं. वर कोणालातरी —